आदाम, जीवाश्म आणि रविवारची शाळा : एका विद्यार्थिनीच्या प्रश्नाला उत्तर

ताई, सलाम.

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ कळेल. तुम्ही सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करता. प्रतिजैविकांना दाद न देणारे जीवाणू प्रयोगशाळेत तुमच्या डोळ्यांदेखत तयार होतात. रविवारी तुम्ही मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मुलांना शिकवता आणि पुढच्या महिन्यात बायबलातल्या उत्पत्तीच्या पुस्तकाचा पहिला अध्याय तुमच्या वाट्याला आला आहे. पाळकांनी उपदेशात सांगितलं की उत्क्रांती मानली तर आदाम गेला, आदाम गेला तर पाप गेलं, पाप गेलं तर वधस्तंभाची गरजच उरली नाही. म्हणून उत्क्रांती मानणारा ख्रिस्ताला नाकारतो. वडिलांचंही तेच मत. तुम्ही विचारता, दोन्ही एकाच वेळी खरं कसं मानायचं? की कॉलेजात एक आणि चर्चमध्ये एक असंच बोलत राहायचं?

माझी नोकरी प्राणिशास्त्र शिकवण्यात गेली. त्याच काळात मंडळीच्या मासिकांतून आणि तरुणांच्या शिबिरांतून याच विषयावर लिहीत-बोलत आलो. हा प्रश्न मला सर्वांत जास्त तुमच्यासारख्यांकडूनच आला आहे : विज्ञान शिकणारी, मंडळीत मनापासून काम करणारी आणि घरी कुणाला दुखवायचं नसलेली मुलं-मुली.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. तुम्ही कॅथलिक असता तर माझं उत्तर खूप छोटं झालं असतं. पोप पायस बारावे यांनी १९५० मध्येच मानवी शरीर आधीच्या सजीवांपासून आलं का याच्या अभ्यासाला मोकळीक दिली. आत्मा मात्र थेट देवाकडून, अशी अट घातली. जॉन पॉल दुसरे यांनी १९९६ मध्ये उत्क्रांती हे नुसतं गृहीतक राहिलेलं नाही असं सांगितलं. पण तुम्ही ज्याला फेलोशिप म्हणता तिथे वर कुणी पोप नाही, बिशप नाही. पाळकांचा शब्द शेवटचा. शिवाय तुम्ही वडिलांच्या घरात राहता. तेव्हा काय मानावं आणि ते कुठे, कधी, कसं बोलावं हे दोन प्रश्न वेगळे ठेवा. पहिल्यावर मी ठाम बोलेन. दुसऱ्यावर फक्त सुचवू शकतो.

आता मूळ मुद्दा. तुमच्या पाळकांनी देवाने जग सहा दिवसांत घडवलं या गोष्टीवर फारसा जोर दिलेला नाही, हे तुमच्या लक्षात आलं का? त्यांनी बोट ठेवलं ते आदामावर आणि पापावर. माझ्या मते त्यांचं बोट बरोबर जागी आहे. पृथ्वीचं वय, सहा दिवस, नोहाचा जलप्रलय यांवर लोक रात्र-रात्र भांडतात, पण ते या वादातलं सोपं प्रकरण आहे. अवघड दोनच : आदाम कोण होता, आणि माणूस यायच्या आधी कोट्यवधी वर्षं मरण आणि वेदना जगात का होत्या.

सोपं आधी उरकतो. पृथ्वी ६,००० वर्षांची हा हिशेब बायबलात लिहिलेला नाही. वंशावळ्या जोडून तो काढावा लागतो. आयर्लंडचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी १६५० मध्ये तो इ.स.पू. ४००४ असा काढला. त्याच्या शेकडो वर्षं आधी, तिसऱ्या शतकात ऑरिजेन हा ख्रिस्ती विद्वान विचारत होता की सूर्य नसताना पहिला, दुसरा, तिसरा दिवस कोण शहाणा माणूस शब्दशः घेईल? पाचव्या शतकाच्या सुरुवातीला बिशप ऑगस्टीनने उत्पत्तीवर भाष्य लिहिताना ख्रिस्ती लोकांना बजावलं की आकाश-पृथ्वीबद्दल ख्रिस्ती नसलेल्यांना चांगलं ठाऊक असलेल्या गोष्टींवर तुम्ही बायबलच्या नावाने काहीतरी बरळलात, तर ते तुमची पुनरुत्थानाची गोष्ट कशाला ऐकतील? ही माणसं डार्विनला घाबरून पळवाट शोधत नव्हती. डार्विन यायला अजून चौदाशे वर्षं होती.

तरुणांना हे समजवायला मला पुस्तक लागत नाही, घाट पुरतो. तुम्ही एसटीने किंवा रेल्वेने सह्याद्री उतरलात तर कड्यात एकावर एक आडवे थर दिसतात. तो लाव्हा आहे, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. दोन थरांच्या मध्ये अनेक ठिकाणी लाल मातीचा पट्टा असतो. तो कसा येतो? लाव्हा थंड व्हायला हवा, ऊनपावसात त्याचा वरचा भाग कुजून माती व्हायला हवी, आणि मग त्यावर पुढचा लाव्हा यायला हवा. काही ठिकाणी मध्ये तळी झाली, त्यांत गोगलगाई वाढल्या, बेडूक राहिले, आणि सगळं पुढच्या लाव्ह्याखाली गाडलं गेलं. मुंबईत वरळीला अशा थरात सापडलेल्या एका लहानशा बेडकाचं वर्णन ब्रिटिश शरीररचनाशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये केलं. हेच ओवेन पुढे डार्विनचे कडवे टीकाकार झाले. एका वर्षाच्या जलप्रलयात हे सगळं बसवायचं तर लाव्हा, माती, तळं, पुन्हा लाव्हा असं पाण्याखाली किती वेळा घडवणार? १९५६ मध्ये क्लेअर पॅटरसन यांनी अशनींतल्या शिशावरून पृथ्वीचं वय सुमारे ४५५ कोटी वर्षं काढलं, आणि तो आकडा नंतर फारसा हललेला नाही.

इथे एक नाव सांगतो, कारण आपल्या लोकांना ते कॉलेजच्या पाटीपुरतंच माहीत असतं. स्टीफन हिस्लॉप. फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे मिशनरी, १८४५ मध्ये नागपुरात आले. शाळा काढली, सुवार्ता सांगितली, आणि फिरताना दगड फोडले. टाकळीच्या थरातले शिंपले, बिया, फळं, कीटक त्यांनी गोळा केले. रॉबर्ट हंटर या सहकाऱ्याबरोबर नागपूरच्या भूगर्भावरचा लेख लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीत छापून आणला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याची हाडंही त्यांच्या शोधांत आहेत. १८६३ मध्ये पुराच्या पाण्यात बुडून ते गेले. ज्यांच्याकडून आपल्याकडच्या कित्येक घरांनी सुवार्ता ऐकली, त्या पिढीतला माणूस एका खिशात नवा करार आणि दुसऱ्या खिशात जीवाश्म घेऊन विदर्भात फिरत होता. तेव्हा ‘खरा ख्रिस्ती पृथ्वी ६,००० वर्षांचीच मानतो’ हे आपल्या मंडळ्यांचं जुनं मत आहे, असं कुणी म्हणालं तर हिस्लॉपचं नाव घ्या.

मग हे मत आलं कुठून? बरंचसं अमेरिकेतून, आणि तेही उशिरा. १९१० ते १९१५ या काळात तिथे ‘द फंडामेंटल्स’ या पुस्तिका निघाल्या. त्यांत उत्क्रांतीविरोधी लेख होते, पण जेम्स ऑर यांच्यासारखे जुनी पृथ्वी आणि काही प्रमाणात उत्क्रांतीही मान्य करणारे लेखकही होते. १९२५ मध्ये टेनेसीतल्या डेटन गावी शाळेत उत्क्रांती शिकवल्याबद्दल जॉन स्कोप्स यांच्यावर खटला चालला. बायबलच्या बाजूने उभ्या राहिलेल्या विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांनी साक्षीत, सृष्टीचे दिवस २४ तासांचेच होते असं नाही, हे कबूल केलं होतं. सगळे थर जलप्रलयाने घातले ही मांडणी लोकप्रिय झाली ती १९६१ नंतर, व्हिटकोम आणि मॉरिस यांच्या पुस्तकामुळे. आज ती भाषांतरित पत्रकांतून आणि मोबाइलवरच्या व्हिडिओंतून आपल्याकडे येते आणि वाटतं की ही तर प्रेषितांच्या काळापासूनची शिकवण.

आता तुमच्या विषयाकडे. जीवाणूंमधला बदल ‘लहान बदल’ आहे, तो आम्हीही मानतो, पण एका जातीची दुसरी होत नाही, असं तुमचे पाळक म्हणतील. तुम्ही त्यांच्याशी जीवाणूंवर वाद घालू नका. तुम्हाला स्वतःला खात्री करायची असेल तर क जीवनसत्त्वाचं उदाहरण घ्या. बहुतेक सस्तन प्राणी ते शरीरात तयार करतात. आपण करत नाही, म्हणून ताजी फळं न मिळालेल्या खलाशांना स्कर्व्ही व्हायचा. पण त्यासाठी लागणारं जनुक आपल्या डीएनएत आहे, मोडक्या अवस्थेत. चिंपांझी, ओरांगउटान आणि माकडं यांच्यातही ते मोडकंच आहे. गिनिपिगमध्येही मोडलेलं आहे, पण वेगळ्या तऱ्हेने. किंवा गुणसूत्रं पाहा : आपली ४६, चिंपांझी-गोरिला-ओरांगउटान यांची ४८. आपलं दुसऱ्या क्रमांकाचं गुणसूत्र म्हणजे दोन गुणसूत्रं टोकाला टोक जोडून झालेलं एक आहे. टोकांवर असणारी खूण मध्येच सापडते आणि दुसऱ्या गुणसूत्रबिंदूचे, म्हणजे एका गुणसूत्रात एकदाच असणाऱ्या सांध्याचे, अवशेषही सापडतात. देवाने माणूस वेगळा घडवला आणि घडवताना दुसऱ्याचा मोडका भागही जसाच्या तसा बसवला, असं म्हणायचं का? मला तर त्यात देवाचाच मान कमी झालेला दिसतो.

इथपर्यंत पटलं की बहुतेक तरुण एक उडी मारतात, आणि मी त्यांना तिथेच थांबवतो. ते म्हणतात, मग सर, सहा दिवस म्हणजे सहा भूयुगं! विज्ञानाने जे आता शोधलं ते मोशेने आधीच लिहून ठेवलं होतं! ऐकायला छान वाटतं, टाळ्याही पडतात, पण टिकत नाही. उत्पत्तीत फळझाडं तिसऱ्या दिवशी आणि सूर्य चौथ्या. पक्षी पाचव्या दिवशी, जमिनीवरचे प्राणी सहाव्या. जीवाश्म मात्र सांगतात की पक्षी जमिनीवर चालणाऱ्या डायनासोरांच्या एका शाखेतून आले. जुळवायला बसलात की एकतर बायबलचा मजकूर पिळावा लागतो, नाहीतर पुरावा.

अशी जुळवाजुळव टाळण्याचं सगळ्यात शहाणं उदाहरण बेल्जियमच्या एका धर्मगुरूंचं आहे. जॉर्ज लमेत्र. विश्व प्रसरण पावतंय हे त्यांनी १९२७ मध्ये मांडलं, आणि १९३१ मध्ये ते एका आदिम अणूपासून सुरू झालं असावं असं सुचवलं. ज्याला आज बिग बँग म्हणतात त्याची ही सुरुवात. १९५१ मध्ये पोप पायस बारावे यांनी भाषणात या सिद्धांताकडे निर्मितीला दुजोरा म्हणून बोट दाखवलं. लमेत्र यांना ते अजिबात रुचलं नाही. धर्मगुरू असूनही, किंबहुना असल्यामुळेच, त्यांचं म्हणणं होतं की हा सिद्धांत भौतिकशास्त्राचा आहे आणि धर्माच्या प्रश्नापासून तो बाजूला ठेवायचा. कारण उघड आहे : आज ज्या सिद्धांताच्या आधारावर देव सिद्ध केलात, तो उद्या बदलला तर देवालाही बदलणार का? आणि विज्ञान बदलतंच. डायनासोरांच्या काळात गवत नव्हतं असं बराच काळ शिकवलं जायचं. २००५ मध्ये पिसदुऱ्याच्याच डायनासोरांच्या जीवाश्म शेणात गवताचे सूक्ष्म अवशेष सापडले आणि ते वाक्य पुसावं लागलं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच : जुळवाजुळव करू नका. उत्पत्तीला प्राणिशास्त्राचं पाठ्यपुस्तक करू नका आणि प्राणिशास्त्राकडून देवाचा दाखला मागू नका. विश्वास उभा आहे तो ख्रिस्ताच्या पुनरुत्थानावर; प्रेषित पौल करिंथकरांना पत्रात तसंच लिहितो. ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ, असं त्याचं म्हणणं आहे. पृथ्वी जुनी असेल तर व्यर्थ, असं त्याने कुठेही लिहिलेलं नाही.

काही जण इथे म्हणतात की मग देवाला काम काय उरलं? उत्परिवर्तनं, म्हणजे जनुकांतले बदल, तर आपोआप, योगायोगाने होतात. योगायोगाचं आधी सांगतो. नीतिसूत्रांच्या सोळाव्या अध्यायाच्या शेवटी पदरात चिठ्ठ्या टाकण्याची आणि निर्णय परमेश्वराकडून येण्याची गोष्ट आहे. आपल्याला जे अनिश्चित दिसतं ते देवाच्या हाताबाहेर आहे, असं बायबल मानत नाही. कामाबद्दल ऑक्सफर्डचे धर्मपंडित ऑब्रे मूर यांनी १८८९ मध्ये फार मार्मिक लिहिलं. डार्विनवाद शत्रूच्या वेशात आला आणि मित्राचं काम करून गेला, असा त्यांचा मुद्दा होता. का? कारण प्रत्येक जात देवाने वेगळी येऊन घडवली असं मानणारे नकळत हेही मानत होते की एरवी देव तिथे नसतो. पंप बिघडला की बोलावलेला मिस्त्री, तसा. ख्रिस्ती विश्वास असा नाही. देव सगळ्या जगाला क्षणोक्षणी धरून आहे, गवत उगवतं तेही त्याच्यामुळे, असं आपण स्तोत्र १०४ मध्ये गातो. आणि ते गाताना पावसाचं विज्ञान नाकारत नाही. जीवांच्या इतिहासालाही तोच न्याय लावा.

हे म्हणणारे मूर पहिले नव्हते. डार्विनचं पुस्तक बाजारात यायच्या काही दिवस आधी, नोव्हेंबर १८५९ मध्ये, एव्हर्स्लीचे पाळक आणि लेखक चार्ल्स किंग्जली यांना त्याची प्रत मिळाली. त्यांनी डार्विनला लिहिलं की स्वतःहून विकसित होऊ शकतील अशी आद्य रूपं देवाने निर्माण केली ही कल्पना, रिकाम्या जागा भरायला देवाला पुन्हा पुन्हा हस्तक्षेप करावा लागला या कल्पनेइतकीच थोर आहे. डार्विनने दुसऱ्या आवृत्तीत नाव न घेता ते विधान घातलं. अमेरिकेत डार्विनची बाजू सर्वांत जोरात मांडणारे हार्वर्डचे वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे चर्चला जाणारे श्रद्धाळू ख्रिस्ती होते. ‘उत्क्रांतीच्या प्रकाशाखेरीज जीवशास्त्रात कशाचाच अर्थ लागत नाही’ असं १९७३ मध्ये लिहिणारे थिओडोसियस डोबझान्स्की ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती होते. मानवी जनुकसंचाच्या प्रकल्पाचं नेतृत्व करणारे फ्रान्सिस कॉलिन्स तर नास्तिकतेतून विश्वासाकडे आले. ही यादी वाद जिंकायला वापरू नका; मोठ्या माणसांची नावं म्हणजे पुरावा नव्हे. पण पाळकांचं ‘उत्क्रांती मानणारा ख्रिस्ताला नाकारतो’ हे वाक्य सरसकट खरं नाही, एवढं या माणसांच्या जगण्यावरून दिसतं.

आता आदाम. इथे मी तुम्हाला गोड उत्तर देणार नाही.

आजच्या माणसांमधली जनुकीय विविधता काही हजार वर्षांपूर्वीच्या एकाच जोडप्यातून येऊ शकत नाही. गेल्या दोन-तीन लाख वर्षांत आपली संख्या काही हजारांच्या खाली गेली असं दिसत नाही. म्हणजे ‘जगात दोनच माणसं होती आणि आपण सगळे फक्त त्यांचीच मुलं’ हे चित्र टिकत नाही. मग विश्वासू ख्रिस्ती काय म्हणतात? जॉन स्टॉट यांच्यासारखे इव्हँजेलिकल शिक्षक असं मानायला तयार होते की माणसासारखे प्राणी आधीपासून होते आणि त्यांतून देवाने आदामाला स्वतःशी नातं ठेवायला वेगळं निवडलं, आपली प्रतिमा दिली. आदाम मग सगळ्यांचा एकमेव पूर्वज नसला तरी सगळ्यांचा प्रतिनिधी राहतो. दुसरे काही म्हणतात, आदाम ही प्रत्येक माणसाची गोष्ट आहे. ती ‘एकदा घडली’ यापेक्षा ‘रोज घडते’ म्हणून खरी आहे. मी पहिल्या बाजूला झुकतो. पौल रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात आदाम आणि ख्रिस्त यांना समोरासमोर ठेवतो, आणि त्या तुलनेत आदाम नुसतं रूपक राहिला तर माझ्या मते काहीतरी हातातून निसटतं. पण दुसरी बाजू मानणारा माणूस तारणाबाहेर आहे असं मी म्हणणार नाही.

उत्पत्तीची गोष्टही, नीट वाचली तर, आपल्याला वाटते तेवढी दोन माणसांपुरती बंद नाही. भाऊ हाबेलाला मारल्यावर आदामाचा मुलगा काइन घाबरतो की भेटेल तो मला मारून टाकेल. कोण भेटणार होतं? मग तो बायको करतो आणि नगर बांधतो. नगर कुणासाठी? रविवारच्या शाळेत हे प्रश्न मुलं दरवर्षी विचारतात आणि आपण दरवर्षी टाळतो. मी यातून विज्ञान सिद्ध करत नाही. वर म्हटल्याप्रमाणे जुळवाजुळव नको. एवढंच म्हणतो की लिहिणाऱ्याला जगातल्या पहिल्या लोकसंख्येचा तक्ता द्यायचा नव्हता.

आणि पाप? पाळकांची साखळी आदामापासून सुरू होते. पण माणूस पापात आहे हे कळायला तुम्हाला वंशावळ लागते का? मला तरी नाही. आरसा आणि सकाळचं वर्तमानपत्र दोन्ही पुरतात. वधस्तंभाची गरज आपल्याला आज जाणवते ती आपल्या आजच्या अवस्थेमुळे. ही अवस्था नेमकी कधी, कशी सुरू झाली यावर ख्रिस्ती लोक दोन हजार वर्षं वेगवेगळं बोलत आले आहेत. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्या तर आदामाचा दोष आपल्याला वारशाने लागतो हे ऑगस्टीनच्या पद्धतीने मानतच नाहीत. तेही ख्रिस्तीच आहेत.

सगळ्यात अवघड मात्र मरणाचा प्रश्न. आदामाने पाप केलं आणि मरण आलं असं आपण शिकलो. पण आदामाच्या कोट्यवधी वर्षं आधीच्या जीवाश्मांत शिकार आहे, आजार आहेत, सबंध जातीच्या जाती नष्ट झालेल्या आहेत. याच्यावर मी जे सांगतो ते पूर्ण उत्तर नाही, पण बायबलच्या आधारावर उभं आहे. पौल रोमकरांस ५ मध्ये लिहितो की मरण सर्व माणसांवर आलं. सिंह-हरणांबद्दल तो तिथे बोलत नाही. उत्पत्तीत देव म्हणतो, ज्या दिवशी खाशील त्या दिवशी मरशील. आणि आदाम पुढे ९३० वर्षांचा होईपर्यंत जगतो. म्हणजे त्या दिवशी जे मेलं ते केवळ शरीर नव्हतं. स्तोत्र १०४ मध्ये तरुण सिंह भक्ष्यासाठी गर्जना करतात आणि आपलं अन्न देवाकडे मागतात, आणि स्तोत्रकार त्याबद्दल कुठेही माफी मागत नाही. ईयोबाशी बोलताना देव गरुडाची पिल्लं रक्त पितात हे जवळजवळ अभिमानाने सांगतो. बायबलातली सृष्टी आपल्या संडे स्कूलच्या भिंतीवरच्या चित्राइतकी शाकाहारी नाही.

तरीही टोचणी राहते. १८६० च्या मे महिन्यात डार्विनने एसा ग्रे यांना लिहिलं की सुरवंटाच्या जिवंत शरीरात आपली पिल्लं वाढवणाऱ्या गांधीलमाश्या दयाळू आणि सर्वशक्तिमान देवाने मुद्दाम निर्माण केल्या असतील, असं माझ्या मनाला पटत नाही. हे पत्र लिहिणारा माणूस नऊ वर्षांपूर्वी आपली दहा वर्षांची मुलगी ॲनी गमावलेला बाप होता. त्याला ‘अरे, हे सगळं पापामुळे’ असं उत्तर फेकणं मला जमत नाही. पौल रोमकरांच्या पत्रातच पुढे लिहितो की सगळी सृष्टी आजवर कण्हते आहे, प्रसूतिवेदना सोसते आहे. मी तिथे येऊन थांबतो. या कण्हण्यात देव बाहेर उभा राहिला नाही, वधस्तंभावर स्वतः आला, एवढं मला माहीत आहे. गांधीलमाशीचा हिशेब मला लागलेला नाही. हा प्रश्न ज्यांना टोचतच नाही त्यांच्यापेक्षा डार्विनशी मला जास्त जवळीक वाटते. आणि एक लक्षात घ्या : पृथ्वी ६,००० वर्षांची मानली तरी हा प्रश्न सुटत नाही. गांधीलमाश्या तेव्हाही तशाच असतात.

तुमच्या प्रश्नाचा शेवटचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो : दोन ठिकाणी दोन भाषा. मी पाहिलं आहे की जी मुलं-मुली विश्वास सोडून गेली, त्यांतली फार थोडी जीवाश्मांमुळे गेली. बहुतेकांना कुणीतरी सांगितलं होतं की या दोहोंतून एक निवड. त्यांनी काही वर्षं दोन चेहरे सांभाळले, मग थकून एक टाकून दिला. तुम्ही तोंडी परीक्षेत उत्क्रांतीवर निर्धास्त बोला. दहावीच्या आपल्या राज्य मंडळाच्या पुस्तकातही ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा धडा आहे; तो वाचणारी मुलं तुमच्या वर्गात बसतात, आणि तुम्ही एक शब्द खोटा बोललात तर त्यांना कळेल.

वडिलांशी मात्र वाद जिंकायला जाऊ नका. त्यांना आदामाच्या वयाची काळजी नाही, तुमची आहे. मुलगी शिकून देवापासून दूर जाईल ही ती भीती आहे. तिला पुराव्याने उत्तर देता येत नाही. तुम्ही उपासनेला येता, प्रार्थना करता, प्रभुभोजन घेता, हे पाहूनच ती हळूहळू कमी होते. पाळकांना एकट्यात भेटा, उपदेशानंतर चारचौघांत नको. त्यांना विचारा की तुम्ही काइनाच्या नगराबद्दल काय शिकवता, आणि खरंच ऐका. काही पाळक एकांतात व्यासपीठावरच्यापेक्षा खूप मोकळे असतात. काही नसतात. तुमचे कोणत्या प्रकारचे हे तुम्हालाच ठाऊक.

आणि पुढच्या महिन्याचा पाठ. मी उत्पत्ती १ मुलांना असा शिकवतो. आधी फळ्यावर दोन रांगा काढतो. पहिल्या तीन दिवसांत जागा होतात : उजेड आणि अंधार, आकाश आणि समुद्र, जमीन. पुढच्या तीन दिवसांत त्या जागा भरतात : चांदण्या-सूर्य-चंद्र, मासे-पक्षी, प्राणी-माणूस. मुलांना ही रचना लगेच दिसते आणि खूप आवडते. मग सांगतो की शेजारच्या बाबिलोनमध्ये सूर्य-चंद्र देव होते; इथे ते देवाने टांगलेले दिवे आहेत. बाबिलोनच्या गोष्टीत माणूस एका मारलेल्या देवाच्या रक्तापासून, देवांची कामं करायला बनवला जातो. इथे गरीब-श्रीमंत, बाई-पुरुष सगळे देवाच्या प्रतिमेचे. शेवटी स्तोत्र १०४ सगळे मिळून वाचतो. या संपूर्ण पाठात मला एकही खोटं वाक्य बोलावं लागत नाही, आणि पाळक मागच्या बाकावर बसले तरी त्यांनाही आक्षेप घ्यायला फार जागा मिळत नाही.

कुणी विचारलं की डायनासोर कोणत्या दिवशी झाले, तर लपवू नका. ते फार फार पूर्वी होते, उत्पत्ती त्यांचं वेळापत्रक सांगत नाही, आणि त्यांतले काही आपल्या विदर्भात गवत खात फिरत होते, असं सांगा. पाळकांनी हे चालणार नाही म्हटलं, तर तो पाठ त्यांनाच घ्यायची विनंती करा आणि तुम्ही अब्राहामापासून पुढचं मागून घ्या. चोरून दुसरंच शिकवणं मात्र नको. मुलांपुढे पाळक आणि शिक्षिका यांची ओढाताण झाली की त्यांना उत्पत्ती आठवत नाही, भांडण आठवतं. अब्राहामाच्या पाठातही डायनासोरचा प्रश्न येईल याची तयारी ठेवा. तो कुठल्याही पाठात येतो.